पट्टीचं पांढरं टोक
बायको जुनी ओढणी रंगवायला पातेलं चढवते, आणि तो गरम, आंबूस वास आला की मला भद्रावतीचं आमचं पत्र्याचं शेड आठवतं. मी आणि माझ्या मित्रानं भंगारातून व्हिडिओ गेमची मशीन आणली होती; ती दुरुस्त करून दोघांनी दुकान टाकायचं ठरलं होतं. कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीचा रंग उन्हानं पार उडाला होता, मूळ केशरी रंग फक्त एका स्क्रूखाली टिकलीएवढा उरला होता. त्या टिकलीशी जुळवत आम्ही नवी पांढरी पट्टी रंगाच्या पाण्यात बुडवायचो. पाणी उकळलं की ती वाकडी व्हायची, कोमट असलं की रंग धरायची नाही. "लाल टाक ना बे आणखी, काऊन घाबरून राह्यला?" तो म्हणायचा. शेवटी रंग जुळला. फक्त चिमट्यात धरलेलं टोक पांढरंच राहिलं, ते मी पट्टी बसवताना खाली, मशीनच्या तळाशी लपवलं. मग मी आठवडाभर गावाला गेलो आणि आलो तर शेड रिकामं. "शॉर्टसर्किटनं जळली ना बे, भंगारात देऊन टाकली," म्हणत तो रडला. पुढच्या उन्हाळ्यात गडचिरोलीच्या बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमच्या एका दुकानात तोच केशरी दिसला. मी वाकून तळाशी बोट फिरवलं, पट्टी जराशी उचकटली. पांढरं टोक. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "मस्त रंग आहे ना भाऊ? विकणाऱ्यानं एकट्यानंच केला म्हने." त्यानं मशीन विकली, ते मी केव्हाच सोडून दिलं. पण न जळलेल्या मशीनसाठी मी त्याचे डोळे पुसले होते, ते नाही.