बिनबटणांचा कोट

प्रिय वन्सं,

तू माझ्याहून लहान, तरी तुझ्या भावाशी लग्न झाल्यापासून मी तुला थट्टेनं वन्सं म्हणत आले. आज थट्टा नाही. तुझ्या दुकानात कपडे शिवायला टाकणाऱ्या प्रत्येकीला तू हृदयाच्या ऑपरेशनची गोष्ट रंगवून सांगतेस आणि त्यातून दात बेमालूम गाळतेस. मला ते खपत नाही. खरी गोष्ट दातांपासून सुरू होते, तेव्हा मी तिथूनच सुरू करणार.

बेकरीवरच्या तुझ्या त्या दुकानात कात्री हाताशी असते, तरी तू दोरा दातांनी तोडतेस. तुझ्या पुढच्या एका दाताला त्यानं खाच पडली आहे. टाचण्या ओठांत धरून तू गिऱ्हाइकाला झापतेस आणि त्यातलं अक्षरही त्या बाईला कळत नाही, हे तिचं नशीब. पुढचे दात तू हत्यारासारखे जपलेस, घासूनपुसून लख्ख ठेवलेस. मागच्या दाढांवर ब्रश फिरला तर फिरला. "त्या कुणाला दिसतात? आणि काम तरी काय करतात?" असं तुझं म्हणणं.

मग धाप लागायला लागली. लहानपणी आलेल्या तापानं हृदयाची एक झडप खराब केली होती, ती आता बदलायला हवी, असं निघालं. ऑपरेशनची तारीख मिळाली. आपण उठणार तेवढ्यात सर्जन म्हणाले, "आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

घरी तुझा भाऊ भडकला. "छातीचा डॉक्टर हिच्या तोंडात कशाला नाक खुपसतोय? आपण दुसरा बघू."

"दुसराही हेच सांगेल," मी म्हटलं. "दाढेतला पू, हिरड्यांतली घाण, सगळ्याचे जंतू रक्तात उतरतात. नव्या झडपेवर जाऊन बसले तर तिची वाट लावतील."

"तुला बरं सगळं माहीत!"

"विचारलं म्हणून माहीत. तुम्ही त्या वेळी पार्किंगची पावती शोधत होता."

दातांच्या दवाखान्याखाली बटणांचं दुकान आहे. तू तेव्हा माझा करडा कोट शिवत होतीस. काचेतली बटणं बघून तू थबकलीस. "वहिनी, येताना घेऊ या. मी निवडणार. तुमची निवड मला ठाऊक आहे." मी म्हटलं, बरं बाई.

वर दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं तुझ्या तोंडात आरसा घालून एकेक दाढ तपासली.

"काकू, यापूर्वी दात कधी दाखवले होते?"

"दुखले नाहीत तर दाखवायचे कशाला?"

"ही दाढ दुखली नाही?"

"नाही. त्या बाजूनं मी चावतच नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. एक्स-रेमध्ये एका दाढेच्या मुळाशी गळू होतं, शेजारची पोखरलेली, आणि हिरड्यांखाली कीटणाचा थर. दोन्ही दाढा काढायच्या, हिरड्या साफ करायच्या, जखमा भरू द्यायच्या. तोवर ऑपरेशन पुढे.

तयार कपडा हातात आला की तू आधी तो उलटा करतेस. शिवण आतून बघितल्याशिवाय कुणाच्या कामाला चांगलं म्हणत नाहीस. खुर्चीत आरसा स्वतःच्या हातात घेऊन तू पहिल्यांदा आपल्या दाढा पाहिल्यास आणि म्हणालीस, "आतून सगळं उसवलंय की." मग रडलीस. बटणं राहिली.

पुढचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. दाढा निघाल्या. हिरड्या भरून येत होत्या, पण सावकाश. आणि तुझी धाप वाढत होती, ती मात्र झपाट्यानं. हिरडी आधी भरते की हृदय आधी दमतं, एवढंच माझ्या डोक्यात. तुला ताप तर नाही ना, म्हणून मी येता जाता कपाळाला हात लावायची. तू वैतागायचीस, "वहिनी, मी काय भाकरीचा तवा आहे?"

आणि एवढं असून तू गुपचूप दुकानात गेलीस! बेकरीवाल्यानं फोन केला. येऊन बघते तर तू जिन्याच्या मधल्या पायरीवर, ओठ निळसर, मांडीवर माझा कोट.

"बाह्या तेवढ्या जोडणार होते," तू म्हणालीस.

"मेलीस तर बाह्या घालून फिरू का मी?" मी ओरडले. कोट तुझ्या मांडीवरून उचलून मी शेजारी टेकले. दोघी तिथंच बसून राहिलो. ना वर जाता येई, ना खाली.

शेवटी दातांच्या डॉक्टरनं हो म्हटलं आणि झडप बदलली. इथून पुढची गोष्ट तू छान सांगतेस, ती तूच सांग.

पण सर्जननं घरी सोडताना बजावलेलं सांगत नाहीस. दर सहा महिन्यांनी दात दाखवायचे, दाखवायला जाण्याआधी जंतूंवरची गोळी घ्यायची, रोज मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचवायचा, कारण नवी झडप जंतूंना जुनीपेक्षाही सोपी. सुरुवातीला शहाण्यासारखी गेलीस. मी सोबत असायची. एकदा बटणांचं दुकान बंद होतं, एकदा तुला एकही बटण पसंत पडेना. यंदा मात्र तारीख उलटून गेली. सीझन आहे म्हणे.

रविवारी तू आमच्याकडे जेवलीस. पोळीचा घास उजवीकडेच फिरत होता. डावीकडे एकदाही नाही. मी विचारलं, "दुखतंय?"

"छे!"

हा 'छे' मी आधी ऐकलेला आहे. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

काल मी दवाखान्याची वेळ घेऊन, रिक्षा उभी करून बेकरीपाशी आले. बटणं सोडून पुरा झालेला तो करडा कोट घालूनच आले, म्हणजे बटणं लावून बघता येतील. तू खिडकीतून डोकावलीस. ओठांत टाचण्या होत्या, तरी मला कळलं. "आज नको वहिनी, एवढा फ्रॉक होऊ दे."

"वन्सं, खाली ये."

"पुढच्या आठवड्यात. नक्की. बटणंही तेव्हाच घेऊ."

खिडकी लागली. मशीन सुरू झालं. रिक्षावाला म्हणाला, "आजी, जायचंय की नाही?" वारा सुटला होता. कोट पुढून हातानं आवळून धरत मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, आणि मग त्याला घराकडे वळायला सांगितलं.