टायरला अस्तर

माझ्या सायकलच्या मागच्या टायरला माझ्या लग्नातल्या कोटापेक्षा जास्त टाके होते, आणि ते सगळे मी स्वतः घातले होते.

आमचं घराणं शिंप्यांचं. म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. पण लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानातून फाटकं काही तसंच परत गेलेलं नाही. मग टायर का जावा? त्याच्यावरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली तेव्हा मी उलट खूश झालो. दसऱ्यातल्या आयुधपूजेला त्याच्यावर कुंकवाची बोटं कशी स्वच्छ उठायला लागली! पुढे बाजूला भेगा पडल्या, तिथे रफू केलं. एका ठिकाणी ट्यूब बाहेर डोकावायला लागली, तिथे आतून कोटाच्या कॅनव्हासचं अस्तर लावलं. (दुहेरी!)

"अय्यो, धागे दिसालेत की हो टायरचे!" माझी बायको सुमित्रा म्हणाली.

"धागा दिसतोय म्हणजे माल अस्सल आहे."

समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्या नंजप्पांनी तर माझं शिवणकाम बघून हातच जोडले. "साकु, स्वामी! (पुरे करा म्हणे!) धागे दिसले की टायर बदलायचा असतो. शिवायचा नसतो!"

मला वाटलं, जळतोय माझ्या हातावर.

अशातच सुमित्राच्या धाकट्या भावाचं, वसंताचं लग्न ठरलं. सासरी मला नऊ वर्षं 'ब्लाउजवाले जावई' म्हणत आले होते, आणि ते मला लागायचं. खरंच लागायचं. म्हणून नवरदेवाचा कोट मीच शिवणार, असा हट्ट धरला. मांडवातल्या प्रत्येकानं विचारावं, "हे कुणी शिवलं हो?" एवढीच माझी इच्छा होती. मुहूर्त सकाळी दहाचा, कार्यालय गोकुलममध्ये. शेवटचं बटण लावून नऊला निघालो. अंगावर सासऱ्यांनी दिलेलं जरीकाठी धोतर, मागे कॅरिअरवर सुमित्रा, तिच्या मांडीवर घडी घातलेला कोट.

टक्... टक्... टक्...

"हे काय वाजालंय?"

"अस्तर बसतंय."

"आणि मी उडालेय ते?"

"ते जरा..."

फाट्ट!!

मी वळून पाहिलं. सुमित्रा भर रस्त्यात मांडी घालून बसली होती आणि कोट तिनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला होता. (काय गुणाची बायको! इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.) टायर मात्र हातभर फाटला होता आणि त्याची लक्तरं चाक धरणाऱ्या चिमट्यात अशी अडकली होती की चाक फिरेना.

"थांब, दोन टाके घालतो."

"ट्यूब फुटलीय की हो! तिला काय काज करणार?"

"निदान ढकलता तरी येईल!"

सुई आणि मेण लावलेला दोरा माझ्या टोपीत कायमचा. उकिडवा बसलो आणि शिवत सुटलो. एक डोळा टायरवर, एक डोळा उन्हावर. इतके सरळ टाके मी आयुष्यात घातले नव्हते. गाठ मारली, ऐटीत उठलो आणि तसाच परत खाली बसलो.

धोतराचा सोगा टायरबरोबर शिवला गेला होता. उलट टीप घालून!

कात्री दुकानात. दोरा असा की दात पडले असते, पण तो तुटला नसता. आणि सासऱ्यांनी दिलेलं धोतर फाडून सासऱ्यांसमोर जायचं? सुमित्रानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टायरकडे पाहिलं आणि येणारा टांगा थांबवला.

"कोट घेऊन मी पुढं जाते. तुम्ही दोघं या सावकाश."

चाक फिरलं की धोतर गुंडाळलं जायचं. तेव्हा मागचं चाक उचलून, पुढच्या एका चाकावर सायकल ढकलत मी गोकुलमपर्यंत चालत गेलो. पोचलो तर अक्षता पडून गेल्या होत्या. वसंता स्टेजवर उभा होता आणि कोट! खांद्यावर सुरकुती नाही, पाठीत झोळ नाही. माझे डोळे भरून आले. कात्री मागायला मी स्वयंपाकघराकडे वळणार, इतक्यात सासरे गरजले, "जावईबापू, वर या! बेगा, बेगा! (लवकर म्हणे!) फोटो काढालेत!"

सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? गेलो वर. दोघंही गेलो.

नंजप्पांकडून नवा टायर दुसऱ्याच दिवशी बसवून घेतला. फोटो अजून सासरच्या दिवाणखान्यात आहे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे थांबतो, चष्मा नीट करतो आणि मला हवा होता तोच प्रश्न विचारतो, "हे कुणी शिवलं हो?"

बोट फक्त टायरवर असतं.