पान्हा हुकमावर येत नाही

आमची म्हस दूध चोरायला लागली आणि त्याचा आळ आला माझ्या सासूबाईंवर. सासऱ्यांचं तेरावं नुकतंच उरकलं होतं. ओट्यावर बसलेल्या भावकीतल्या बायकांनी चहा संपायच्या आत निकालही देऊन टाकला: कासेला विधवेचा हात लागला म्हणून म्हस आटली, तेव्हा यापुढे त्यांनी गोठ्यात पाऊल टाकू नये. बोलण्यात सगळ्यांच्या पुढे होत्या माझ्या थोरल्या चुलतसासूबाई. त्यांना विचारल्याशिवाय आमच्या आळीत साखरपुडासुद्धा ठरत नाही. मी कप गोळा करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि खरं सांगायचं तर ती अजून पुरती उतरलेली नाही.

आमचं घर पालीच्या अलीकडे, राजगडाच्या पायथ्याला. शनिवार-रविवारी गड उतरून आलेली पोरं आमच्या ओट्यावर टेकतात आणि ताक पितात, दही मागतात. ते दही आणि ताक सासूबाईंचं. भाताच्या खाचरात त्या सगळ्यांबरोबर वाकायच्या, पण गोठा त्यांचा एकटीचा होता. तिथं सासऱ्यांचंही चालत नसे. कुणाशी भांडण झालं की त्या गोठ्यात जायच्या आणि बाहेर यायच्या तेव्हा त्यांचा चेहरा निवळलेला असायचा.

या म्हशीचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं होतं. रेडकू गेलं की म्हस दूध वर चढवते. मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरायचा आणि ते म्हशीपुढं उभं करायचं, अशी जुनी रीत. सासूबाईंनी त्याला साफ नकार दिला. "मेलेलं लेकरू दावून आईकडं दूध मागायचं? मला न्हाई जमायचं," म्हणाल्या. त्यांनी म्हशीला हातावर आणलं. पुढ्यात आंबोणाची, भिजवलेल्या पेंड-भुशाची पाटी ठेवायची, कोमट पाण्यानं कास धुवायची, सडांवरून हात फिरवत राहायचं, हलक्या आवाजात काहीबाही बोलायचं. महिनाभर खपल्या, पण म्हस त्यांच्या हातावर पान्हा सोडायला लागली. दुसऱ्या कुणाला ती उभीसुद्धा करायची नाही.

सासरे गेले त्या दिवशी चुलतसासूबाईंनी दगडावर सासूबाईंचे हात ठेवले आणि हिरव्या बांगड्या फोडल्या. मी मध्ये पडले. "राहू द्या, नका करू," म्हणाले. कुणीतरी मला दंडाला धरून मागं ओढलं. मनगटावर काच लागून रक्त आलं, तर त्यावर हळद दाबली आणि पुढचं सुरू. मला त्या सगळ्या बायकांचा राग आला आणि स्वतःच्या हातातल्या कड्यांचीही लाज वाटली. मी लग्नाआधी नोकरी करायचे तेव्हापासून काचेच्या बांगड्या घालत नाही, एकेक कडं असतं. माझं कुणी काही फोडणार नव्हतं, म्हणून ती लाज.

सुतकात सासूबाई आतल्या खोलीत बसून होत्या. चुलतसासूबाई धार काढायला येत. म्हशीनं त्यांना लाथा दिल्या आणि जेमतेम तांब्याभर दूध. घरात रडारड, दारात माणसं, कासेला परका हात. कोणती म्हस दूध देईल? ते सगळ्यांनी समजून घेतलं. पण तेरावं झाल्यावर सासूबाई स्वतः बसल्या तरी तेच झालं. म्हस शांत उभी राहिली, मान वळवून त्यांच्याकडं बघत राहिली, दोन धारा दिल्या आणि आखडली. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आळी सगळी कावळ्याच्या मागं लागली.

माझा नवरा मनानं वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा झटपट उपाय हवा असतो. तो बाजारातून एक लहानशी बाटली आणि सुई घेऊन आला. "टोचली की भडाभडा सोडती. लई जण वापरत्यात," म्हणाला.

बाटली बघून मी ओळखली. "ह्याच्यात जे हाय ते तिच्या डोक्यात आपसूक तयार होतं," मी म्हणाले. "ते का अडलंय ते बघा की."

"डोक्यात होतं, तर बाहेरून दिलं म्हणून काय बिघडलं?"

"आईला रडू येत न्हाई म्हणून उद्या त्यांच्या डोळ्यांत मिरची घालाल का?"

असं चोरून टोचणं कायद्यानं बंद आहे, हेही मी सांगितलं. बाटली मी मोरीत ओतली. त्याला ते आवडलं नाही. तो एवढंच म्हणाला की पुढच्या बाजारापर्यंत म्हस सुधारली नाही तर तो ती विकणार, म्हणजे रोजची कटकटच नको. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हस गेली असती तर त्यांना घरात बसवून ठेवायला कुणाला आणखी कारणही लागलं नसतं. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

वेळ थोडाच होता, आणि तो नवऱ्यानं दिला होता म्हणून नव्हे. कासेत दूध साचून राहिलं की कासच पुढचं दूध बनवणं थांबवते. शरीराला उधळपट्टी खपत नाही. उचल नाही तर माल नाही, असा त्याचा सरळ कारभार. काही दिवसांत म्हस खरंच आटली असती आणि चुलतसासूबाई खऱ्या ठरल्या असत्या. माझ्या जिवाची तगमग झाली ती त्यामुळं.

मी किकवीची. तिथून एसटीनं रोज भोरला कॉलेजात जायचे, प्राणीशास्त्र शिकायला. माहेरी लोक हसायचे, शेवटी शेणच काढायचंय तर प्राण्यांचं शास्त्र कशाला. त्यांना माझं उत्तर असं की शेण काढणाऱ्या बाईलाच ते आधी शिकवायला हवं. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध कासेच्या वरच्या भागात, बारीक बारीक पिशव्यांत असतं. सडात फारच थोडं. त्या पिशव्यांभोवती स्नायूंची जाळी असते. सडाला ओळखीचा हात लागला की निरोप मज्जातंतूंनी मेंदूत जातो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी आहे, ती रक्तात ऑक्सिटोसिन सोडते, नवऱ्याच्या बाटलीत होतं तेच. ते रक्ताबरोबर कासेपर्यंत येतं, जाळी आवळली जाते आणि दूध खाली उतरतं. ह्यालाच आपण पान्हा म्हणतो. म्हस भ्याली, बुजली, की दुसरंच संप्रेरक धावतं आणि ही सगळी वाट बंद करतं. म्हस दूध चोरते असं आपण म्हणतो. बिचारीच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

पुस्तकात हे सगळं होतं. पण त्यात नुसता हातच नव्हे तर कानही भाग घेतो, हे मला एसटीत कळलं होतं. माझा मुलगा अंगावर पीत होता तेव्हा त्याला सासूबाईंकडं ठेवून मी भोरला गेले होते. परतताना मागच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि माझं पोलकं भिजलं. लेकरू माझं नव्हतं. मी मनातल्या मनात नको नको म्हणत होते. माझं म्हणणं माझ्याच शरीरानं ऐकलं नाही. पदर लपेटून वेल्ह्याच्या रस्त्यावरची सगळी वळणं मी अंग चोरून काढली. आता वाटतं, लाजायचं काय होतं त्यात? इतकं नेमकं काम करणारं दुसरं काय होतं त्या गाडीत?

ते आठवलं आणि मी गोठ्यात जाऊन बसले. सासूबाई कास धुवत होत्या. पाटी होती, कोमट पाणी होतं, हात तोच होता, बोलणंही तेच. म्हशीचे कान मात्र पुढं येऊन थांबले होते, जणू काही राहिलंय. मी सासूबाईंच्या हातांकडं पाहिलं. ते रिकामे होते आणि त्यांचा काही आवाज येत नव्हता. रेडकू गेल्यापासून रोज दोन वेळा, कास धुताना हिरव्या बांगड्यांची किणकिण आणि त्या पाठोपाठ पान्हा, असं म्हशीच्या अंगात मुरलं होतं. चुलतसासूबाईंच्या हातात बांगड्या होत्या पण तो हात परका होता. सासूबाईंचा हात आपला होता, त्यातल्या बांगड्या आपण फोडल्या होत्या. म्हशीला कुणी विधवा-सवाष्ण शिकवलं नव्हतं. तिला नुसतं काहीतरी कमी वाटत होतं, आणि तिचं बरोबर होतं.

बांगड्या परत भरा, असं मी सांगितलं तशा सासूबाई घाबरल्या. "येडी का काय तू? लोक तोंडात शेण घालतील."

नवऱ्याला मात्र ते पटलं आणि त्यानं लगेच तोड काढली. माझ्या लग्नातल्या ठेवणीतल्या बांगड्या वाजवून त्यानं आवाज मोबाईलमध्ये भरला आणि धारेच्या वेळी मोबाईल म्हशीच्या कानाशी धरला. म्हशीनं मोबाईल चाटला. मग त्यानं त्या बांगड्या दोरीत ओवल्या आणि खुंटीपाशी उभं राहून आरतीतल्या घंटीसारख्या हलवल्या. म्हशीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि बादली उडवली. सासूबाई हसल्या. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच हसल्या, आणि हसू थांबेना तेव्हा डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी मी भोरच्या बाजारात गेले. लाल, जांभळ्या, कसल्याही बांगड्या चालल्या असत्या, आवाज तोच. मी हिरव्याच मागितल्या. कासारणीनं माझा हात धरला तर म्हटलं, माझ्या न्हाईत, सासूबाईंच्या हायत, थोडं मोठं माप द्या. सासरे गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तिनं वर एक जास्तीची घातली आणि मी ती परत केली नाही.

संध्याकाळी मी त्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. भरायला हात पुढं केला नाही. एकदा इतरांनी त्यांच्या मनगटांचं ठरवलं होतं, आता मी ठरवू नये असं वाटलं. त्यांनी बराच वेळ बांगड्यांकडं बघितलं. गोठ्यातून म्हस हंबरली. त्यांनी हाताला साबण लावला आणि एकेक करून स्वतः चढवल्या. जिथं काच लागली होती तिथं जरा थांबल्या.

त्या कास धुवायला बसल्या. किणकिण झाली आणि म्हशीचे कान मागं पडले. थोडा वेळ काहीच नाही. ते मला माहीत होतं. म्हशीच्या रक्ताला डोक्यापासून कासेपर्यंत यायला वेळ लागतो. तरी मी श्वास धरून उभी होते. मग सड भरून आले, टणक झाले, आणि बादलीच्या तळावर धार वाजली. फेस वर येईपर्यंत सासूबाईंनी मान वर केली नाही. मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

चुलतसासूबाई सकाळीच आल्या. हातांकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. सासूबाई घाईनं म्हणाल्या, "म्हशीसाठी घातल्यात." झालं, आळीनं ते मानलं. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, दुभत्या म्हशीच्या बांगड्याही गोड निघाल्या. ज्यांनी तोंडात शेण घातलं असतं त्याच बायका आपल्या म्हशी पान्हवत नाहीत म्हणून विचारायला यायला लागल्या. मला याचा आनंद व्हायला हवा होता. पण मी जळफळतच होते. जनावराला हव्यात म्हणून चालतात आणि बाईला हव्यात म्हटलं तर चालत नाहीत, हा कसला न्याय? मी तसं ओट्यावर बोलूनही दाखवलं. नवऱ्यानं खूण केली, मी बघितलं नाही.

म्हस गाभण राहिली. यथावकाश आटली, जशी विण्याआधी प्रत्येक म्हस आटते. पोटातल्याचं बघायचं म्हणून अंगच तसं ठरवतं. धार बंद झाली. चुलतसासूबाई याचीच वाट बघत असाव्यात. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, मी शेजारी होते. चुलतसासूबाई येऊन समोर बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आता म्हशीचं काम झालं न्हवं? काढून ठेव त्या. व्याली की मग घाल पायजे तर."

मी तोंड उघडणार होते. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"तवा म्हशीसाठी घातल्या व्हत्या, जाऊबाई," त्या म्हणाल्या. "आता माज्यासाठी हायत."

आणि त्यांनी सूप उचललं आणि तांदूळ पाखडायला घेतले. बांगड्या वाजत होत्या.