मामांची गाडी आणि आक्काचा डोळा

आमच्या मामेसासऱ्यांइतका मन लावून घाबरणारा माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा नाही, आणि बारामतीत कोणी असलाच तर तो अजून घराबाहेर पडलेला नाही. बायकोचे हे मामा बावड्याला डाळिंबं पिकवतात. साठी उलटली, नातवंडं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, पण भीती मात्र ठणठणीत आहे. एसटीत ते खिडकीशी बसत नाहीत, कारण समोरून येणाऱ्या गाडीचा आरसा लागेल. लग्नाला गेले की नवरदेव बघायच्या आधी मांडवातून बाहेर पडायची वाट बघून ठेवतात. घराला कुलूप लावून ओढून बघतात, चार पावलं जातात आणि परत येऊन ओढतात. अशाने दोन कुलपं कामातून गेली. एकदा डाळिंबावर काळा ठिपका दिसला म्हणून बागेत रोग आला असं समजून त्यांनी दोन वेळचं जेवण सोडलं. तिसऱ्या वेळी मामींनी तो ठिपका पदराने पुसला. चिखलाचा शिंतोडा होता.

असा माणूस गाडी घेईल असं कोणाला वाटलं नव्हतं. घेतली ती आक्कासाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यामुळे ती माहेरी आली आणि आईविना असलेल्या या भावाला तिनेच वाढवलं. त्यांना ती अजून ‘बारक्या’ म्हणते आणि तेही ‘काय गं’ म्हणून धावत जातात. आक्काला एसटीची पायरी चढवेना, म्हणून गाडी आली. रंग तिनेच निवडला. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पांढरी गाडी तिला उन्हात दिसेचना. पिकल्या जांभळाच्या रंगाच्या गाडीवर हात ठेवून ती म्हणाली, “ही दिसतीया. हीच घे.”

गाडी आल्यावर मामांच्या भीतीला चाकं फुटली. उसाची ट्रॉली दिसली की ते गाडी कडेला घेऊन इंजिनच बंद करतात, न जाणो बाहेर लोंबणारा ऊस रंगाला घासायचा. कारखाने सुरू झाले की आमच्याकडच्या रस्त्यांवर ट्रॉलीमागे ट्रॉली असते. तशात आम्ही एकदा डाळजला लग्नाला निघालो आणि पोचलो तेव्हा आचारी कढया घासत होते. वाटेत एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी बंद पडली असं समजून दोर काढला आणि पुढे बांधायलाही घेतला. “आवो, बंद न्हाय पडली,” मामा कळवळून म्हणाले, “तुमी जायाची वाट बघतूय!”

आणि इतक्या जपलेल्या गाडीला जे व्हायचं ते घरच्या अंगणातच झालं. त्याआधी आक्काचं सांगायला हवं. नजर अधू झाल्यावर एकदा तिच्या हातून पाहुण्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. कोणी चकार शब्द काढला नाही, पाहुण्यांनी तर तो चहा पिऊनही टाकला. तरी त्या दिवसापासून ती चुलीपाशी गेली नाही. ओसरीत नुसती बसून राहायची, कोणी जेव म्हटलं तर जेवायची. गाडी आली आणि तिने ती धुवायचं काम आपल्याकडे घेतलं, तेव्हा कुठे ती पुन्हा माणसांत आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामा बागेत असताना तिने काथ्या आणि राख घेतली आणि तांब्याचं घंगाळ घासावं तशी सबंध गाडी घासून काढली. वर झेंडूची माळ घातली. मामा आले तेव्हा ती घामाघूम होऊन म्हणाली, “बघ बारक्या, कशी लखलख केलीया!” मामांनी बघितलं. ऊन बॉनेटवर पडलं होतं आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक गोल रेघा उमटल्या होत्या. “लई झ्याक,” ते म्हणाले, आणि बागेत जाऊन मला फोन केला.

“जावईबापू, घात झाला.” मी कोण गेलं म्हणून चपला शोधायला लागलो होतो.

गावात त्यांनी ट्रॉलीने घासली असं सांगितलं. “गाडीवरनं गोल गोल फिरली का काय ट्रॉली?” असं एका मेकॅनिकने विचारलं, तेव्हापासून ते त्याच्या गल्लीतून जात नाहीत. दिवाळीनंतर आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीला ठरलं. मी म्हणालो, “बरं झालं, आता तिला नीट दिसेल.”

“तेच भ्या वाटतंय,” मामा हळूच म्हणाले. “डोळा उघडला की गाडी दिसणार. मीठ पडलं तर चूल सुटली. ह्ये दिसल्यावर गाडीला बी हात लावायची न्हाय. मग तिच्याजवळ काय ऱ्हायलं?”

त्यांच्या आजवरच्या सगळ्या भीतींना मी हसलो होतो. या एकीला मला हसता आलं नाही.

आम्ही बारामतीच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “रेघंवरनं नख फिरवून बघा. नख अडकत नसंल तर साध्या बारीक पॉलिशनं जातंय. अडकलं तर कंपाउंड, म्हंजी खरबरीत पॉलिश, लावाय लागंल, पर ते रंगाचा थर खातंय.” ‘खातंय’ ऐकताच मामांनी हातातला कंपाउंडचा डबा खाली ठेवला आणि हात विजारीला पुसले. मग दुकानदाराने मेणाची डबी दाखवली. त्याने रेघा झाकल्या जातात, पण गाडी चार वेळा धुतली की परत वर येतात. “झाकून भागायचं न्हाय,” मामा म्हणाले, “धुणारी तीच हाय.” शेवटी बारीक पॉलिशची बाटली घेतली. तिचाही भरवसा नव्हता, म्हणून आधी माझ्या स्कूटरवर लावून बघितली. तळहाताएवढा पत्रा असा चमकला, की बाकीची स्कूटर कोणाला दाखवायची सोय राहिली नाही.

ऑपरेशन झालं. आक्का डोळ्याला पट्टी बांधून बारामतीतच आमच्या घरी वर झोपली होती आणि खाली पार्किंगमध्ये आम्ही दोघं मऊ फडकी घेऊन गाडीला भिडलो होतो. मामांचा हात इतका हलका, की रेघांना कळतही नसावं. “मामा, जरा जोर लावा,” मी म्हणालो. “अन् रंगच निघाला तर?” वरून आक्काच्या खोकल्याचा आवाज आला की बाटली त्यांच्या शर्टात जायची. ऊन उतरेपर्यंत दारं झाली, बॉनेट झालं. दिव्यावरचा एक कोपरा मात्र राहिला. तिथे आक्काने मनापासून जोर लावला होता. नख अडकत होतं, आणि कंपाउंड आणायची हिंमत दोघांतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला गेलो. मामांनी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली आणि वाटभर पाठ केलेलं उत्तर मला परत म्हणून दाखवलं, “आक्का, उन्हामुळं तसं दिसतंय. सावलीत बघ.” पण आमचा नंबर येईपर्यंत सावली सरकून गेली होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा गाडी भर उन्हात उभी, आणि तो कोपरा आमच्याच बाजूला.

आक्का गाडीपाशी गेली. काळा चष्मा काढला. बॉनेटवरून हात फिरवत फिरवत ती त्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली. मामांनी डोळे मिटून घेतले.

“ब्येस हाय की गाडी,” आक्का म्हणाली. “मी घासलेली.” मग ती वळली आणि बघतच राहिली. पुढे होऊन तिने मामांच्या कपाळावरून अंगठा फिरवला, डोळ्यांच्या कडेने फिरवला, गालावरून खाली आणला.

“बारक्या,” ती म्हणाली, “ह्या रेघा कवा पडल्या रं? तू कवा म्हातारा झालास?”

मामांना हे कोणी विचारेल याची भीती कधी वाटली नसावी. जे पाठ होतं तेच तोंडातून आलं.

“आक्का,” ते म्हणाले, “उन्हामुळं तसं दिसतंय गं. सावलीत बघ.”

आक्काने त्यांचा हात धरला आणि ती लिंबाकडे चालायला लागली.