दोन टोपली माती

ट्रकला आडवं जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. हातात काठी नाही की लाल फडकं नाही; कमरेला खोचलेलं लुगडं आणि डोक्यावर बांबूचं टोपलं. एवढ्यावर ती सागाच्या ओंडक्यांनी भरलेली गाडी थांबवायची. आम्ही तिला पाळवाली बाई म्हणत असू.

पन्नासच्या दशकात मी गडचिरोलीकडे एका लाकूड ठेकेदाराचा मुन्शी होतो. जंगलातून डेपोकडे जायला एकच बैलगाडीची वाट, आणि तीही एका गावतलावाच्या पाळीवरून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावरून. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली गावाच्या शेतांतलं धान. बाई ढिवराची, तलावातल्या मासळीवर तिचं पोट. आमच्या चाकांनी पाळ खचत चालली होती. ती फुटली असती तर धान वाहून गेलं असतं आणि मासळीही.

म्हणून बाईने स्वतःचाच कायदा केला. पाळ चढण्याआधी गाडीतल्या प्रत्येकाने एक टोपलं माती चाकोरीत टाकायची. पहिल्या दिवशी नत्थू ड्रायव्हर भडकला.

"बाई, सडक का तुह्या बापाची हाय?"

"सडक कोनाची बी असो, पाळ आमच्या बापजाद्याईची हाय. तुहा टरक दाबते, तं तूच भर."

नत्थूने हॉर्न दाबून धरला. बाईने चाकापुढे टोपलं पालथं घातलं, त्यावर ऐसपैस बसली आणि विचारलं, "जेवले का भाऊ?" शेवटी नत्थूने खाली उतरून टोपलं मागून घेतलं.

मी आपला कॅबिनमध्येच. मुन्शीने कुठे माती उचलायची! बाईने मला खालून वर न्याहाळलं. मी तेव्हाही अंगाने भरदारच होतो.

"मुन्शीभाऊ, तुमी काऊन बसून राह्यले? तुमचं वजन गाडीवर नाई का? तुमचे तं दोन टोपले."

गाडीवरचे हमाल गडी खो खो हसले. तेव्हापासून माझी दोन टोपली ठरली, ती कधी कमी झाली नाहीत.

त्या पावसाळ्यात पाण्याने असा कहर केला की शेजारच्या गावाचा तलाव फुटला. हा टिकला. दिवाळीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा बाईने उकडलेले शिंगाडे आमच्यापुढे ओतले. "खा. तुमची माती पिकली."

पुढच्या हंगामात एका सकाळी पाळीवर कोणीच नव्हतं. टोपलं झाडाखाली पालथं पडलेलं. एका गुराख्याने सांगितलं, बाई तापाने गेली, कालच माती दिली. समोर रस्ता मोकळा होता आणि मला रडू आवरेना.

नत्थू खाली उतरला. टोपलं भरून त्याने चाकोरीत रिकामं केलं.

"आता कोण बघतंय, नत्थू?" मी म्हणालो.

"पानी तं पाह्यून राह्यलं ना, मुन्शीभाऊ."

त्याने टोपलं माझ्यापुढे धरलं. मी माझी दोन टोपली टाकली. बाईने न सांगता टाकलेली ती पहिलीच.