मोहोळला गेलेला टॉवेल

आमच्याकडे लग्नात टॉवेल-टोपीचा मान असतो. मी भवानी पेठेतल्या ज्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करते, तिथेच धाकट्या बहिणीच्या लग्नाचे टॉवेल विणायला टाकले. काठावरचा मजकूर मागाला फाइलमधून जातो. बाबांच्या वर्षश्राद्धाचे टॉवेलही तिथलेच, त्यामुळे फाइल तयार होती. ‘बाबांच्या स्मरणार्थ’ काढून ‘शुभविवाह’ घालायचं, एवढंच. हाताने केलं असतं तर चुटकीसरशी झालं असतं. पण मी नुकतीच पायथन शिकत होते, अंगात आलं होतं! प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर ‘शुभविवाह’ उमटलं आणि मी खूश होऊन सात रस्ता चौकात शिंप्याकडे ब्लाऊज आणायला गेले.

तिथेच मालकांचा फोन आला. “ताई, मोहोळचे काका आले होते, नवरदेवाकडचे. पयला टॉवेल नमुना म्हणून घेऊन गेले. आता दुसरा बघतोय, तर हितं स्मरणार्थ आलंय की.”

लग्नाचा पहिला टॉवेल आणि त्यावर ‘स्मरणार्थ’! मोहोळची मंडळी शकुन-अपशकुन मानणारी. लग्न मोडलं तर? आईला कुठल्या तोंडाने सांगू?

माग थांबवायला सांगून रिक्षाने कारखाना गाठला. चूक लगेच सापडली, त्याचाच जास्त राग आला. पायथनमधलं शब्द बदलायचं replace मूळ ओळ बदलत नाही, बदललेली नवी ओळ हातात देतं. ती कशात तरी ठेवून घ्यावी लागते. मी ती नुसती स्क्रीनवर दाखवली आणि फाइलमध्ये जुनीच लिहिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुरुस्त केलं, फाइल पुन्हापुन्हा उघडून वाचली.

पण मोहोळला गेलेला टॉवेल कोडने परत येणार नव्हता. मी काकांना फोन लावला.

“काका, तो टॉवेल उघडू नका.”

“उघडला की. वाचला बी.”

शेजारचे माग खडखडत होते.

“देवापुढं ठिवलाय,” काका म्हणाले. “पयली पत्रिका देवाला, तसा पयला टॉवेल तुमच्या बाबांना. तुमी मुद्दाम विणून घेतला न्हाय का? लई बरं वाटलं बघा आमाला.”

“हो काका,” मी म्हणाले आणि फोन ठेवून तिथेच रडले. बाबांना पहिला टॉवेल द्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.