दोनशे पावलांचा हट्ट

मास्तरणीच्या पायाला भिंगरी होती. इस्पितळात तिला सगळे मास्तरीणच म्हणत, कारण लकवा झालेल्या माणसांना ती पुन्हा चालायला शिकवायची. हातात पाटी, कानामागे पेन आणि तोंडाचा पट्टा सुरू: "पाय उचला, घासू नका!" नव्या मुलींना ती फॉर्मवरचे दोन रकाने दाखवायची. "ध्येय म्हणजे माणसाला जिथे पोचायचंय ती जागा. उद्दिष्ट म्हणजे वाटेतला टप्पा. गल्लत केलीत तर गाठ माझ्याशी आहे!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! गेल्या वर्षी तिच्याच बापाला लकवा झाला. थोडं बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मागितली, "अक्काकडे जायचंय." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मास्तरणीची आत्या. समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं अंथरूण सुटलं नव्हतं. मधे घरापुढचं लांबलचक आवार आणि एक गल्ली होती, बस्स.

मास्तरणीने घरीही फॉर्म भरला आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. ध्येयाच्या रकान्यात लिहिलं, 'चालणे'. उद्दिष्ट, 'दोनशे पावले'. चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की ती उसळायची, "एकदा त्यात बसलात की संपलं!" मग रोज सकाळी बाबा मोठ्याने आकडे म्हणत घरात येरझारा घालायचे. आकडा पुरा झाला की ती मागून साधी खुर्ची सरकवायची आणि ते मागे न बघता बसायचे. साठ झाली, शंभर झाली.

"आता जाऊ?" बाबा विचारायचे.

"आधी दोनशे होऊ द्या."

परवा दोनशे झाली. बाबांनी तिच्याकडे आशेने पाहिलं. बाईचं लक्ष कुठे? तिने दोनशेवर काट मारून अडीचशे लिहिलं. बाबांनी एकदा बाहेरच्या दाराकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला कळायला हवा होता, पण तिला ड्यूटीची घाई होती.

काल सुट्टी होती. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात पुढच्या बाजूने हॉर्नचा गोंधळ ऐकू आला. घरात येऊन बघते तर दार सताड उघडं. ती अनवाणीच पळाली.

गल्लीच्या मधोमध बाबा काठी टेकून उभे होते. दोन्ही बाजूंनी गाड्या खोळंबल्या होत्या आणि एक टेम्पोवाला डोकं बाहेर काढून ओरडत होता.

"बाबा, का थांबलात?"

"दोनशे झाली," ते म्हणाले. "खुर्ची आण."

तिला रडूच कोसळलं. आत्याचं दार वीस-पंचवीस पावलांवर होतं आणि हा माणूस भर रस्त्यात तिने लावलेली शिस्त पाळत उभा होता.

एवढ्यात समोरच्या खिडकीतून आत्याचा खणखणीत आवाज आला, "बारक्या! खांबासारखा उभा काय राहिलास? ये की!"

बारक्या सत्तरीचा होता. तो निघाला. पाय फरफटत, खांदा वाकडा करत, आकडा न म्हणता. 'पाय उचला' मास्तरणीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि टेम्पोवाल्याला हात दाखवत त्यांच्या बाजूने चालत राहिली.

आत्याच्या पलंगावर टेकून बाबांनी बहिणीचा हात धरला. "किती वाट बघायला लावलीस रे," आत्या डोळे पुसत म्हणाली.

"त्यांनी नाही, आत्या. मी लावली," मास्तरीण दारातूनच पुटपुटली. "वाटेत दोन-चार स्टुलं ठेवली असती, तर साठ पावलं जमत होती तेव्हाच आणता आलं असतं त्यांना."

आत्याला कमी ऐकू यायचं. "काय म्हणतेस? मोठ्याने बोल."

मास्तरणीने तेच सगळं पुन्हा एकदा, गल्लीतल्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.